वाळूतली टेकडी

पाहुण्यांची पावलं जिन्यावर वाजली, तेव्हा कर्नलीणबाई वाळूचा भलाथोरला ट्रे पलंगाखाली ढकलत होत्या.

"अहो, आज ही टेकडी बाहेर निघाली तर माझ्याशी गाठ आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आधीची दोन स्थळं हिनेच पळवली."

"ती स्थळंच लेचीपेची होती," कर्नल मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

या खेपेला मुलगा लेकीने स्वतःच निवडला होता. मुलगा सोन्यासारखा. पण त्यांच्या घरात शेवटचा शब्द वडिलांचा, आणि वडील पडले अबोल. नदीपलीकडे त्यांची बेकरी होती. त्यांचा होकार येईपर्यंत लेकीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

बेकरीवाले आले. पावाची पिशवी बाईंच्या हातात देऊन खुर्चीच्या टोकावर बसले आणि बराच वेळ खोकले.

"जुनं दुखणं आहे, धुराचं," ते म्हणाले.

भट्टीपुढे जन्म काढलेल्या माणसाला कोण काय विचारणार? चहा झाला, पावाचं कौतुक झालं, घरभाड्याच्या नावाने दोन्हीकडून बोटं मोडून झाली. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात बेकरीवाल्यांनी सहज विचारलं, "कर्नलसाहेब, लढाईत तुम्ही कुठे होता?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. ते उघडेपर्यंत ट्रे टेबलावर आला होता.

"ही आमची टेकडी," कर्नल उभे राहून सांगू लागले. "मागे नदी, पुढे दलदल. दलदलीतून वर यायला ही एवढीच चिंचोळी वाट. वाटेच्या बरोबर डोक्यावर आमचे खंदक. सरळ नाहीत, नागमोडी. सरळ खणले की एका टोकाला शिरलेला शत्रू सगळ्यांना ओळीने झोपवतो. आणि या तोफा." त्यांनी वाळूत आगपेटीच्या काड्या खोचल्या. "समोर त्यांची टेकडी. झाडी अशी गर्द, की माणूस दिसेल तर शपथ! पण संध्याकाळ झाली की झाडीतून धूर. इतक्या चुलींचा, की आम्ही धरून चाललो, तीन हजार तरी असणार. आमची फौज मागच्या मागे नदी उतरून गेली, तोवर त्या तीन हजारांतल्या एकाचीही वाट चढायची छाती झाली नाही. जमीन आणि कुदळ, साहेब! लढाया या दोघी जिंकतात."

बेकरीवाल्यांनी वाकून समोरच्या टेकडीवर बोट ठेवलं. "इथे मागे ओढा होता. तो राहिला."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी तिथेच होतो. त्या चुली मीच पेटवायचो."

दारात उभ्या लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. लढाई संपून जमाना लोटला होता, मधली सीमा पुसली गेली होती, दोन्हीकडच्या बायका एकाच बाजारात भाजीवाल्याशी भांडत होत्या. तरी ज्याला अडवलं त्याच्याच तोंडावर ही फुशारकी! बाईंना वाटलं, ट्रे उचलावा आणि नवऱ्याच्या टकलावर उपडा करावा.

"तुमच्या तोफा एकदाही वाजल्या नाहीत," बेकरीवाले सावकाश म्हणाले.

"गरजच पडली नाही," कर्नल म्हणाले आणि त्यांनी चोरून बायकोकडे पाहिलं.

बेकरीवाल्यांना पुन्हा ढास लागली. पाणी मागत ते उठून स्वयंपाकघरात गेले. बाई मागोमाग गेल्या.

नाक खाली करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सेनापतीच्या बायकोलाही त्यांनी कधी आधी नमस्कार केला नव्हता. पण बाहेर लेक उभी होती. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि मनातल्या मनात नवऱ्याची माफी मागितली.

"हे बघा, मनात अढी ठेवून जाऊ नका. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सांगते. तोफा नव्हत्याच. झाडाचे ओंडके होते, काजळी फासलेले. त्या टेकडीत वीतभर खाली कातळ, कुदळी मोडल्या पण खंदक गुडघाभरही झाले नाहीत. म्हणून पुढे माती रचून खोल असल्याचं दाखवलं. वर माणसं किती, तर नऊ. त्यातला एक तापाने फणफणलेला. तुमचे लोक हात हलवत आले असते तरी टेकडी तुमची होती. आमचे हे आज मिशा पिळतात, पण तेव्हा तुमचा धूर बघून यांची पाचावर धारण बसायची. तुम्हाला अडवायला तिथे काही नव्हतंच. झालं समाधान?"

बेकरीवाले मटकन स्टुलावर बसले. त्यांनी तोंड हातांत लपवलं. खांदे गदगदू लागले.

बाईंनी कपाळाला हात लावला. तीन हजारांची फौज ओंडक्यांना भ्याली, हे सांगून आपण या माणसाची उरलीसुरली अब्रूही काढून घेतली. आता कसलं लग्न! बाहेरच्या खोलीत कर्नल पडलेल्या काड्या पुन्हा वाळूत खोचत होते.

बेकरीवाल्यांनी तोंड वर केलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चुली सगळ्या मीच पेटवायचो, विहीणबाई," डोळे पुसत ते म्हणाले, "पण भांडं एकाच चुलीवर चढायचं. आम्ही चौघेच तर होतो."