मार्चअखेरची अंगाई

कंपनीच्या शीतकक्षात वसुधाताईंची गोठवून ठेवलेली लेक अकरा वर्षं निजली होती. गालावर तीच खळी, वेणीत तीच निळी रिबन. अखेर तिच्या आजारावर औषध सापडलं होतं.

"आजच उठवा तिला. डॉक्टर म्हणतात, हृदय आठवडाभरच तग धरेल."

"ताई, मार्चअखेर आहे," व्यवस्थापक रेगे म्हणाले. "उठवायचा खर्च आत्ता दाखवला, तर तिमाहीचा नफा घसरेल. एप्रिलच्या मध्यावर बघू."

"अहो, लेकरू जाईल माझं!"

"पण उठवणं पुढच्या तिमाहीत ढकलायचा नियम तुमचाच ना? इथल्या हिशेबखात्यात असताना तुम्हीच म्हणायचात, निजलेल्याला उशीर कुठला कळायला!"

त्याच युक्तीच्या बक्षिसात कंपनीनं लेकीला ही जागा फुकट दिली होती.

काचेला गाल लावताच ताईंच्या ओठांवर रोजची अंगाई आली. आज त्यांनी ती गिळली.