चढलेली पट्टी

गुरुवारच्या भजनात रंगनाथबुवांचा आवाज पुन्हा फाटला आणि त्यांचा संशय पक्का झाला. पेटीवाला शांताराम मुद्दाम पट्टी चढवत होता. त्याच्या भाच्याला गाण्याची हौस होती. बुवा थकले की भाचा पुढे बसणार, कारस्थान उघड होतं. आपलाच गळा बसला असेल, हा विचार आला की बुवा टाळ जोरात वाजवत.

शांताराम पुढच्या अभंगाचा सूर देऊ लागला, तसे बुवा पाणी घ्यायच्या निमित्ताने उठले आणि चोराला धरावं तसे पेटीवर वाकले. शांतारामचं बोट बुवांच्या नेहमीच्या पट्टीवर नव्हतंच. ते बरंच खाली होतं.

“कधीपासून?” बुवांनी विचारलं.

“दिवाळीपासून. म्हटलं, बुवांच्या मनाला लागेल,” शांताराम पेटीकडे बघत म्हणाला.

एवढं उतरूनही आवाज फाटत होता. बुवा जागेवर येऊन बसले, खाकरले. “मंडळी, माझा आवाज गेलाय. शांताराम, आणखी खाली घे बाबा.”

शांतारामने पट्टी उतरवली. बुवांनी सूर लावला आणि दचकून मागे पाहिलं. आजवर नुसते ओठ हलवणारी मागची अख्खी रांग मोकळ्या गळ्याने गात होती.