तीस किलोमीटरची अट

त्या मंगळवारीही दिगंबर शेट्येंनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि टेबलावरच्या नोकरीदूताला, म्हणजे त्यांच्यासाठी नोकरी शोधणाऱ्या बोलक्या यंत्राला, विचारलं, "काय रे, आज कुठे जागा?"

"आज काही नाही, साहेब," दूत त्यांच्याच आवाजात म्हणाला.

"आवाज माझा घेतलास, पण दम नाही घेतलास!" ते हसले. मग लेकीकडे वळले. "मृदुला, तीस वर्षं एसटीचं आगार सांभाळलं मी. एकही बसकंपनी बोलवत नाही. माझंच काही चुकतंय का गं?"

"सगळीकडेच मंदी आहे, बाबा." मान वर न करता तिने पोहे वाढले.

दुसऱ्या दिवशी ते झोपेतून उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर मृदुला दूत बंद करायला बसली. बंद होण्याआधी त्याने रीतीप्रमाणे आपलं काम वाचून दाखवलं, बाबांच्याच आवाजात. "वाहतूक व्यवस्थापक म्हणून सात कंपन्यांनी बोलावलं. दापोलीच्या कंपनीने दोनदा. घरापासून तीस किलोमीटरच्या पलीकडे नको, या अटीमुळे मी नकार कळवले. साहेबांना सांगू नये, अशीही सूचना होती. बंद करू?"

अट तिची होती. त्यांच्या हृदयाच्या काळजीने घातली, असं तिने स्वतःला समजावलं होतं. खरं तर रिकाम्या घराची भीती तिलाच वाटत होती.

"बंद करू?" त्याच आवाजाने पुन्हा विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "बाबा, तुमचं काहीच चुकत नव्हतं. नकार मी देत होते."