सैल फळी

जनीनने शेवटचा खिळा ठोकला आणि फळी हलवून पाहिली. फळी ढिम्म हलेना. तिला केवढं बरं वाटलं.

कुंपणाच्या बाबतीत तिची आई मॅव्हिस भलती काटेकोर. पायथ्याशी साचलेली माती ओढून काढायची, लोखंडी खांबांचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून रंगाचा हात द्यायचा, फळ्यांना जवसाचं तेल पाजायचं. बॅलॅरॅटचे इतके हिवाळे आले नि गेले, त्या कुंपणाचं काही वाकडं झालं नाही. यंदा तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून लेक मेलबर्नहून धावत आली होती.

आणि अशा कुंपणात एक फळी एकाच खिळ्यावर लोंबत होती! गंमत म्हणजे सकाळी ती तिरकी दिसायची आणि संध्याकाळी सरळ. जनीनचा संशय थेट पलीकडच्या आर्नीवर गेला. फार वर्षांपूर्वी त्याने न विचारता आईच्या लिंबाच्या फांद्या छाटल्या, तेव्हापासून आईने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. म्हातारा फटीतून डोकावतो, दुसरं काय! तो क्लबात बोल्सचा चेंडूखेळ खेळायला गेला आणि आई केस कापायला, तेवढ्यात जनीनने काम उरकलं होतं.

रात्री मायलेकींचं कडाक्याचं वाजलं. जनीनने वृद्धाश्रमात एक खोली बघून ठेवली होती. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. मॅव्हिस पहाटेपर्यंत कूस बदलत राहिली आणि उठली तेव्हा ऊन चांगलंच वर आलेलं होतं.

टोस्ट तसाच टाकून ती काठी शोधू लागली. "मी जरा बागेत जाऊन येते."

"बस खाली. आधी माझ्याशी बोल."

"आल्यावर बोलते. फार उशीर झालाय गं."

"कसला उशीर? बाग कुठे पळून चाललीय?" जनीन दार अडवून उभी राहिली. तिचा आवाज चिरकला. रात्री-अपरात्री फोन वाजला की आईचंच काही झालं असं तिला वाटे, ते आईला कसं सांगायचं? "एकच सांग. उद्या तू इथे पडलीस, तर कळणार कुणाला?"

मॅव्हिसने तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर काडकन आवाज झाला. मग आणखी एक. लाकूड फुटत होतं.

जनीन धावली. कुंपणाच्या दोन फळ्या गवतात पडल्या होत्या. तिने कालच ठोकलेल्या फळीत पहार घुसली होती आणि पलीकडे आर्नी, पायजम्यावरच, सगळा जोर लावून ती उचकटत होता.

"पोलिसांना बोलावू का?" ती किंचाळली.

त्याचं लक्षच नव्हतं. फळी सुटली, तो खिंडारातून आत घुसला आणि जागीच थबकला. दारात काठी टेकत मॅव्हिस उभी होती. त्याच्या हातून पहार गळून पडली आणि तो मटकन गवतात बसला.

"फळी सरळच होती!" इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होता, आणि धड बोलवतही नव्हतं. "नऊ वाजून गेले, तरी तू ती तिरकी केली नाहीस! मला वाटलं, गेलीस!"

मॅव्हिसने त्याच्याकडे पाहिलं, मोडक्या कुंपणाकडे पाहिलं आणि मग लेकीकडे वळली.

"याला कळतं," ती म्हणाली. "जा, चहा टाक. आणि नव्या फळीला एकच खिळा मार."