गाणं गेलं कुठे?

बाबांच्या मोबाइलवर गाणं सुरू होतं, पण स्पीकर मात्र ढिम्म. लेकाने वायरी उपसल्या, मोबाइलमध्ये आकड्यांच्या रूपात साठवलेल्या गाण्याचा आवाज करून देणारा डबा चार वेळा बंद-चालू केला आणि शेवटी हात टेकले. "बाबा, डबा कामातून गेला!"

तेवढ्यात आईच्या कपाटातून बारीकसा सूर आला. त्याने खण ओढला. आईचं कानाचं मशीन गात होतं. आकड्यांचा आवाज तेही करायचं, आणि मोबाइलने आज स्पीकर सोडून ब्लूटूथवरून त्यालाच गाठलं होतं.

आईला जाऊन आठ महिने झाले होते. "हे अजून चालू कसं?" त्याने विचारलं.

 

"दर सोमवारी सेल बदलतो," बाबा म्हणाले. "ऐकू आलं नाही की घाबरते ती."