उष्टी हळद

नवरदेवाला लावून उरलेली हळद आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आली. वाटीत चार बोटं ओढल्याची खूण होती. आम्ही ती माझ्या धाकट्या बहिणीला, पूर्णिमाला लावली.

तेवढ्यात तिच्या होणाऱ्या सासूबाईंचा पेठ वडगावहून फोन आला. “विहीणबाई, जरा दम धरा की! राजवीरला अजून हळद लावली न्हाय.”

वाटी कुणी आणली, ते कुणालाच सांगता येईना.

“ज्याची उष्टी हळद लागली, त्याचीच झाली की गं पोर,” आई कुजबुजली.

मी पूर्णिमाला आतल्या खोलीत नेलं आणि ओल्या रुमालानं तिचे गाल पुसू लागले.

“ताई, नको. त्यांना आवडत न्हाय.”

“कुणाला?”

माझ्या मागं नुसती भिंत होती. तिकडं बघत तिनं लाजून पदर डोक्यावर ओढला.