सूर्य बुडायच्या आत

सिस्टरनी फोन पालथा घातला आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिला. समोर असला की सारखं तिकडेच लक्ष जात होतं. लेकीचा फोन यायची वेळ झाली होती.

"आता बोला," मास्तर म्हणाले.

"चहा तर येऊ दे."

चहा केव्हाच आला होता. सिस्टरनी त्यात साखर घातली, ढवळली, आणि विसरून पुन्हा घातली.

मनोऱ्याच्या टोकावरचं ते कॅफे गोल होतं आणि हळूहळू स्वतःभोवती फिरत होतं. जागचं न उठता माणसाला सगळं शहर बघायला मिळावं म्हणून केलेली सोय. ती मास्तरांना काही मानवत नव्हती. उभा जन्म मोटार शिकवण्यात गेलेला, त्यामुळे पायाखाली काही हललं की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. आताही टेबलाखाली त्याचं तेच चाललं होतं. पण जागा त्यांनीच निवडली होती. शहरातली माणसं या मनोऱ्यावर चढत नाहीत, पाहुणे आले तरच त्यांना दाखवायला आणतात. म्हणजे ओळखीचं कुणी भेटायची भीती नाही. सिस्टर तर घरी दाताच्या डॉक्टरांकडे जाते असं सांगून आल्या होत्या. या दातांनी त्यांना अलीकडे बरंच फिरवलं होतं.

"दोनदा विचारलं मी तुम्हाला," मास्तर म्हणाले. "दोन्ही वेळा विषय बदललात. एकदा तर माझं बीपी बघायला लागलात."

"वाढलेलंच होतं ते."

"वाढणार नाही तर काय होणार? आता शेवटचं विचारतो. लग्न करायचं की नाही, सूर्य बुडायच्या आत सांगा. नाही म्हणालात तरी राग नाही. पण हे लपतछपत भेटणं माझ्याने होत नाही. या वयात चोरासारखं वाटतं."

सिस्टरनी चमचा बशीत ठेवला, उचलला, परत ठेवला.

"तुम्हाला हो म्हणायला काय जातंय माझं? पण लेकीला कसं सांगू? तिचे बाबा गेले, पण त्यांचा चष्मा अजून टीव्हीशेजारी आहे आमच्याकडे. रोज पुसते ती."

"मी सांगू का?"

"तुम्ही मध्ये पडू नका!"

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिलं. सिस्टर वरमल्या. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी वेळ बघायला कठड्याकडे हात नेला, तर हातात लहान मुलाची लोकरी टोपी आली.

"माझा फोन?"

त्यांनी पर्स उलटीपालटी केली. मास्तर टेबलाखाली वाकले. मग एकदम ताठ झाले आणि कपाळावर हात मारला.

"अहो, आपण फिरतोय! कठडा कुठे फिरतोय?"

खरंच की. काच आणि कठडा जागच्या जागी होते, टेबलंच पुढे सरकत होती. फोन होता तिथेच होता, सिस्टरच त्याला सोडून निघून आल्या होत्या. पुढच्या कुणा बाळाची टोपी तशीच त्यांच्या वाट्याला आली होती. त्यांना हसू यायला लागलं, तेवढ्यात मागून फोनची रिंग ऐकू आली. लेकीसाठी लावलेली वेगळी रिंग. आणि लगेच थांबली.

तीन टेबलं मागे एका हौशी बाईंनी फोन उचलला होता. आवाज खणखणीत.

"हॅलो? अगं, घाबरू नकोस, फोन फिरत फिरत आमच्याकडे आलाय. तुझे आईवडील ना? बसलेत की पुढे! काय गोड जोडी आहे गं. मघापासून बघतेय मी. भांडतात काय, हसतात काय! थांब हं, देते."

वॉर्डात काहीही झालं तरी सिस्टर कधी डगमगल्या नव्हत्या. आता त्या ती लोकरी टोपीच घट्ट धरून बसल्या. बाई आल्या, "लेक आहे तुमची," म्हणत फोन हातात दिला, मास्तरांकडे बघून छान हसल्या आणि टोपी घेऊन बाळ शोधायला गेल्या.

"आई?" लेकीचा आवाज ताणलेला होता. "कोण होत्या त्या? आईवडील म्हणत होत्या. तू दाताला गेलीयस ना? आई, कोण आहे तुझ्याबरोबर?"

मास्तरांना सगळं ऐकू येत होतं. ते पुढे झुकले.

"सांगा, त्या बाईंची चूक झाली," ते कुजबुजले. "होते माणसाची. जाऊ दे."

त्यांनीच वाट काढून दिली होती. सिस्टरनी मान वळवून सूर्य शोधला. टेबल फिरत फिरत कधीच मावळतीकडे पाठ करून बसलं होतं. समोर नुसती करडी घरं होती, कुठेकुठे दिवे लागत होते. सूर्य बुडाला की आहे अजून, काही कळायला मार्ग नव्हता.

"आई, बोल ना!"

"त्या बाईंची चूक झाली," सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली आणि ते थंडगार चहाकडे बघत राहिले.

"आमचं लग्न अजून व्हायचंय."

मास्तरांचा पाय थांबला. सिस्टरनी दोनदा हॅलो म्हटलं. फोन कट झाला की काय म्हणून कानावरून काढून पाहिला, पुन्हा लावला. आता ही रडणार, ओरडणार, की ठेवूनच देणार? काहीही करू दे, पण बोलू दे, असं त्यांना झालं.

"आई," शेवटी लेक म्हणाली. "त्यांना फोन दे."

सिस्टरनी फोन पुढे केला. मास्तर खुर्ची मागे सारून उठले, शर्टाची कॉलर नीट केली, आणि उभं राहूनच फोन कानाला लावला.